वरच्या थराचे शास्त्र

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात बनणाऱ्या मोटारीला पहिला रंग फवाऱ्याने मिळत नाही. वेल्डिंग होऊन आलेली पत्र्याची अख्खी बॉडी आधी धुतली जाते, तिच्यावर फॉस्फेटचा थर चढवला जातो आणि मग ती रंगाच्या हौदात बुडवली जाते. २०० ते ४०० व्होल्टच्या विद्युतदाबाखाली रंगाचे कण पत्र्याच्या कानाकोपऱ्यांत जाऊन बसतात. पेंट शॉपमध्ये या टप्प्याला सगळे सीईडी (कॅथोडिक इलेक्ट्रोडिपॉझिशन) म्हणतात. साधारण २० मायक्रॉन जाडीचा हा थर गाडीला वर्षानुवर्षे गंजापासून वाचवतो. हौदातून बाहेर पडताना मात्र बॉडीबरोबर बराच जादा रंगही निघून येतो. विजेने बसलेला थर घट्ट असतो. त्याच्यावर नुसता चिकटून आलेला रंग धुऊन काढावा लागतो. साध्या पाण्याने धुतला, तर महागडा रंग सांडपाण्यात जातो आणि ईटीपीवरचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्रावरचा, भार वाढतो. ते पाणी हौदातच परत सोडावे, तर हौद पातळ होत जातो.

यावर उद्योगाने शोधलेले उत्तर म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशन. हौदातलाच रंग पॉलिमरच्या मेम्ब्रेनवरून वेगाने फिरवत ठेवायचा. मेम्ब्रेनमधून पाणी, थोडे द्रावक, आम्ल आणि क्षार पार होतात. रेझिन आणि रंगद्रव्य मागे राहतात. पार झालेले हे पाणी म्हणजे परमिएट. त्याने बॉडी टप्प्याटप्प्याने धुवायची आणि धुतलेला रंग त्याच पाण्याबरोबर हौदाकडे परत आणायचा. पाणी हौदातलेच असल्याने हौदाचे प्रमाण बिघडत नाही, आणि नीट चालणाऱ्या लाइनवर ९५ टक्क्यांहून अधिक रंग कामी येतो. अल्ट्राफिल्ट्रेशनचे जगातले पहिले औद्योगिक संयंत्र अमेरिकेतल्या ॲबकॉर कंपनीने १९६९ मध्ये उभारले, ते याच कामासाठी. आज पाण्यापासून दुधापर्यंत सगळीकडे दिसणाऱ्या या तंत्राचा औद्योगिक जन्म मोटारीच्या पेंट शॉपमध्ये झाला, हे आपल्या पट्ट्यातल्या वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे.

छिद्रांचे माप बरोबर असूनही ही व्यवस्था बिघडू शकते. ती का बिघडते हे समजून घेणे म्हणजे या पुस्तकाच्या विषयात शिरणे.

सीईडीच्या रंगातले रेझिन मुख्यतः अमाइन जोडलेले इपॉक्सी असते. त्यात सौम्य आम्ल घातले की कणांवर धन भार येतो आणि ते पाण्यात तरंगत राहतात. बॉडी ऋण ध्रुवाला जोडलेली असते. तिच्या पृष्ठभागाशी पाण्याच्या विघटनातून हायड्रॉक्साइड तयार होते, तिथला पीएच वाढतो, कणांचा भार जातो आणि रंग पत्र्यावर बसतो. आता मेम्ब्रेनकडे पाहू. पॉलिसल्फोन, पॉलिएथरसल्फोन, पीव्हीडीएफ, पॉलिॲक्रिलोनायट्राइल हे अल्ट्राफिल्ट्रेशनचे नेहमीचे पॉलिमर. हौदातल्या सौम्य आम्लधर्मी पाण्यातही त्यांच्या पृष्ठभागावर सहसा ऋण भार असतो. धन भाराचा रंग ऋण भाराच्या मेम्ब्रेनकडे ओढला जातो, तिला चिकटतो आणि परमिएट दिवसेंदिवस घटत जाते. छिद्रे रंगाच्या कणांहून कितीतरी बारीक, म्हणजे मापाचा हिशेब बिनचूक. तरी मेम्ब्रेन चोक.

यावरचा उपाय पृष्ठभागावरच सापडला. मेम्ब्रेनवर धन भार धरणारे रासायनिक गट, उदाहरणार्थ चतुष्क अमोनियम, बसवले की ती रंगाच्या कणांना दूर लोटते. सुरुवातीच्या काळात मोटारींसाठी ॲनोडिक रंग वापरला जाई. त्याचे कण ऋण भाराचे असत, म्हणून साधी मेम्ब्रेन चालून जाई. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारउद्योग गंजाला अधिक दाद न देणाऱ्या कॅथोडिक रंगाकडे वळला, तेव्हा रंगाबरोबर मेम्ब्रेनवरचा भारही उलटवावा लागला. छिद्र तेच, पॉलिमरचे अंग तेच; बदलली ती फक्त वरची काही नॅनोमीटरची रसायने. त्याच हौदात आणखी एक मेम्ब्रेन काम करत असते. धन ध्रुवाभोवती ऋण आयनांना वाट देणारी आयन-विनिमय मेम्ब्रेन लावलेली असते आणि ती साचत जाणारे जादा आम्ल बाहेर काढते. एकाच हौदाशी दोन मेम्ब्रेन आहेत, आणि दोघींचे काम त्यांच्यावरच्या भाराने ठरते.

या पुस्तकाला एवढेच सांगायचे आहे: मेम्ब्रेन काय अडवेल हे बहुतांशी छिद्र ठरवते, ती किती दिवस काम करेल हे पृष्ठभाग ठरवतो. खरेदीच्या वेळी आपण छिद्राचे माप विचारतो, दाब विचारतो, दर विचारतो. पृष्ठभाग कशाचा आहे, त्यावर कोणता भार आहे, तो कशाने धुतला तर खराब होईल, हे प्रश्न सहसा मेम्ब्रेन बदलायची वेळ आल्यावरच निघतात.

वरच्या थराचे महत्त्व मेम्ब्रेनच्या इतिहासातच दिसते. १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटची एक नवी मेम्ब्रेन तयार केली. त्याआधीच्या मेम्ब्रेन आरपार एकसारख्या दाट होत्या. क्षार अडत, पण पाणी जेमतेम झिरपे. लोब-सौरीराजन मेम्ब्रेनमध्ये वर अतिशय पातळ दाट पापुद्रा आणि खाली सच्छिद्र आधार होता. पाण्याचा वेग अनेक पटींनी वाढला आणि १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावात रिव्हर्स ऑस्मोसिसने (आरओ) गोडे केलेले पाणी लोकांना मिळू लागले. पुढे जॉन कॅडॉट यांनी पापुद्रा आणि आधार हे दोन वेगळ्या पॉलिमरचे केले. सच्छिद्र पॉलिसल्फोनवर दोन द्रवांच्या सीमेवर पॉलिअमाइडचा थर घडवायचा, ही त्यांची पद्धत. आजच्या बहुतेक आरओ मेम्ब्रेन याच घराण्यातल्या आहेत.

हा पॉलिअमाइडचा थर साधारण १०० ते २०० नॅनोमीटर जाडीचा असतो. कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या आठ इंची एलिमेंटमध्ये सुमारे ४०० चौरस फूट, म्हणजे ३७ चौरस मीटर मेम्ब्रेन गुंडाळलेली असते. गुणाकार करून पाहिला, तर एका एलिमेंटमधला क्षार अडवणारा सगळा पॉलिमर चहाच्या एक-दीड चमच्यात मावेल. बाकीचे सारे त्याला आधार देण्यासाठी आणि पाणी फिरवण्यासाठी. या चमचाभर पदार्थाला मोकळ्या क्लोरीनने इजा होते, म्हणून आरओच्या आधी क्लोरीन काढून टाकावा लागतो. क्लोरीन काढला की जिवाणूंना मोकळे रान मिळते आणि ते त्याच थरावर वस्ती करतात. आरओ चालवणाऱ्याची निम्मी धडपड या एका विरोधातून आलेली असते, आणि पृष्ठभागावर संशोधन करणाऱ्यांचीही.

पृष्ठभाग बदलायचा म्हणजे नेमके काय करायचे? बहुतेक वेळा पहिले उद्दिष्ट असते त्याला पाणी आवडेल असे करणे. पाण्याशी सलगी करणाऱ्या पृष्ठभागावर पाण्याच्या रेणूंचा एक घट्ट थर बसतो. तेलाच्या थेंबाला किंवा प्रथिनाला चिकटायचे असेल, तर आधी हा थर हटवावा लागतो आणि त्याला ऊर्जा लागते. दुसरे उद्दिष्ट भार बदलण्याचे. ते सीईडीत आपण पाहिले. तिसरे अगदी उलट, पाणी आणि तेल दोन्ही झिडकारण्याचे. त्याचे उदाहरण पुढे येईल.

मार्गही अनेक आहेत. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मेम्ब्रेन ओतण्याआधीच पॉलिमरमध्ये पाणीप्रेमी पॉलिमर मिसळणे. डायलिसिसच्या पोकळ तंतूंमध्ये पॉलिसल्फोनबरोबर पॉलिव्हिनाइलपायरोलिडोन असते ते यासाठीच. दुसरा मार्ग लेपाचा. आरओच्या काही मेम्ब्रेनवर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पातळ थर दिलेला असतो. त्याने खडबडीतपणा आणि भार कमी होतो, मात्र पाण्याच्या वाटेत थोडा अडथळा वाढतो. तिसरा मार्ग ग्राफ्टिंगचा, म्हणजे पृष्ठभागावर नव्या साखळ्या रासायनिक बंधाने रुजवणे. पॉलिएथरसल्फोन अतिनील प्रकाशात स्वतःच प्रतिक्रियाशील होते, त्यामुळे तिथे वेगळा प्रारंभक लागत नाही. पण प्रकाश जास्त झाला तर मूळ साखळ्या तुटून छिद्रे मोठी होतात. चौथा मार्ग प्लाझ्माचा. काही सेकंदांत पॉलिप्रॉपिलीनसारखा पाणी झिडकारणारा पॉलिमर भिजू लागतो. मात्र पृष्ठभागावरच्या साखळ्या काही दिवसांत पुन्हा आत वळतात आणि मिळवलेला गुण ओसरतो. २००७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी शिंपल्याच्या चिकटपणावरून सुचलेला पॉलिडोपामीनचा लेप जगापुढे ठेवला. सौम्य अल्कधर्मी द्रावणात बुडवले की हा तपकिरी लेप जवळजवळ कोणत्याही पृष्ठभागावर बसतो आणि त्यावर पुढची रसायने जोडता येतात. त्यानंतर या विषयावर शोधनिबंधांचा पूर आला.

आपल्या पट्ट्यात हे ज्ञान कुठे लागते, हे पेंट शॉपच्या बाहेर पडल्यावर आणखी स्पष्ट दिसते. भोसरीपासून चाकणपर्यंत हजारो मशीन शॉपमध्ये सीएनसी आणि व्हीएमसी मशीनवर कूलंट वाहत असते. पाण्यात विरघळल्यासारखे दिसणारे हे तेल खरे तर इमल्शन असते, आणि जुने झाले की ते टाकायचे कुठे हा प्रश्न उरतो. थेंब इतके बारीक असतात की ते आपोआप वर तरंगून येत नाहीत. अल्ट्राफिल्ट्रेशनने तेल घट्ट करता येते आणि बरेचसे पाणी वेगळे काढता येते. पण मेम्ब्रेन तेलाशी सलगी करणारी असेल, तर थेंब तिच्यावर पसरतात आणि छिद्रे बुजतात. पाणीप्रेमी पृष्ठभागावर तेच थेंब गोल राहतात आणि प्रवाहाबरोबर निघून जातात. त्यातही कूलंटमधली साबणासारखी द्रव्ये स्वतः पृष्ठभागावर बसून त्याचा स्वभाव बदलतात. आरओच्या ऋण भाराच्या मेम्ब्रेनला धन भाराची अशी द्रव्ये फार जाचक ठरतात. म्हणून मशीन शॉपमध्ये कोणता क्लीनर वापरला, हा प्रश्न मेम्ब्रेन चालवणाऱ्याचाही असतो.

मोटारीच्या आतही मेम्ब्रेन असतात. हेडलॅम्प लागला की आतली हवा तापून फुगते. पावसात थंड झाली की आकसते. काच आणि सील यांच्यावर ताण येऊ नये म्हणून हवा जाऊ-येऊ द्यायची, पण पाणी आत घ्यायचे नाही. हे काम ताणलेल्या पीटीएफईची बारीक चकती करते. हा पदार्थ बॉब गोर यांनी १९६९ मध्ये शोधला. पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे ७२ मिलिन्यूटन इतका असल्याने ते पीटीएफईच्या छिद्रांत शिरत नाही. पण गाडी धुण्याचा साबण किंवा इंजिनाचे तेल यांचा पृष्ठताण याच्या निम्म्याहून कमी असू शकतो, आणि ते हळूहळू शिरतात. म्हणून या चकत्यांना तेलही झिडकारणारा फ्लोरिनयुक्त लेप देतात. अशा फ्लोरिनयुक्त द्रव्यांवर बंधने आणण्याचा प्रस्ताव युरोपीय संघात २०२३ मध्ये मांडला गेला. निर्यातीचे सुटे भाग बनवणाऱ्या पट्ट्याला त्याचा विचार आजच करायला हवा.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे आणखी एक मेम्ब्रेन महत्त्वाची झाली आहे. लिथियम-आयन सेलमध्ये दोन ध्रुवांमध्ये पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा सच्छिद्र सेपरेटर असतो. पॉलिइथिलीन सुमारे १३० अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे छिद्रे बंद होऊन प्रवाह थांबतो, हे एका अर्थी संरक्षणच. पण पडदा आकसला तर दोन ध्रुव एकमेकांना भिडतात. ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा लेप दिला की पडदा उष्णतेत आपला आकार धरून ठेवतो आणि इलेक्ट्रोलाइटने भिजतोही लवकर. दोन-चार मायक्रॉनच्या या लेपाचा संबंध थेट माणसाच्या सुरक्षिततेशी आहे.

इतक्या शक्यता असताना प्रयोगशाळेतल्या बहुसंख्य सुधारणा कारखान्यापर्यंत का पोहोचत नाहीत? व्यवहारातल्या उपयोगाची खरी कसोटी टिकण्याची आहे. प्रयोगशाळेत मेम्ब्रेनची परीक्षा अनेकदा एकाच प्रथिनाच्या द्रावणात काही तास होते. ईटीपीच्या पाण्यात तेल, सिलिका, साबण, जिवाणू आणि धातूंचे क्षार एकाच वेळी असतात, आणि ते पाळीनुसार बदलतात. मेम्ब्रेन कॉस्टिकने, आम्लाने, कधी हायपोक्लोराइटने वारंवार धुतली जाते. लेप पहिल्या वर्षातच निघून गेला, तर त्याच्यासाठी मोजलेले पैसे वाया गेले. हातभर तुकड्यावर जमलेली क्रिया मीटरभर रुंदीच्या पळत्या रोलवर जमेलच असे नाही. म्हणून या पुस्तकात प्रत्येक पद्धतीबरोबर चार गोष्टी आवर्जून सांगितल्या आहेत: पृष्ठभागाला ती काय देते, पाण्याच्या वेगातून काय काढून घेते, कोणत्या धुण्यात ती टिकते आणि चालू यंत्रावर ती करता येते का.

मेम्ब्रेनच्या मर्यादाही सुरुवातीलाच स्पष्ट मांडल्या पाहिजेत. मेम्ब्रेन काहीही नष्ट करत नाही. ती वेगळे करते. एका बाजूला स्वच्छ पाणी मिळाले, तर दुसऱ्या बाजूला तेच प्रदूषण अधिक घट्ट होऊन उभे असते, आणि त्याची जबाबदारी कारखान्याचीच राहते. आपला पट्टा पवना, इंद्रायणी आणि भामा या नद्यांच्या खोऱ्यात वसला आहे. पवना दापोडीला मुळेला मिळते, इंद्रायणी तुळापूरला भीमेला, आणि हे सारे पाणी पुढे उजनी धरणात जाते. आळंदीत इंद्रायणीवर तरंगणारा फेस वारकऱ्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला आहे; त्यामागे शहराचे मैलापाणीही आहे आणि उद्योगाचे सांडपाणीही. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला पाणी नेणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात मावळात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. ज्या खोऱ्यात पाण्यासाठी माणसे मेली, तिथे कारखान्याने वापरलेले पाणी पुन्हा वापरणे हे कर्तव्य आहे. मेम्ब्रेन चोक झाली म्हणून बायपास उघडला जातो, तेव्हा त्याची किंमत नदीकाठचे लोक मोजतात. पृष्ठभागाच्या रसायनशास्त्राबद्दल मला इतकी तळमळ वाटते ती यामुळे.

या विषयाला आपल्या भागात पूर्वपीठिका आहे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९६६ मध्ये टेल्कोने पिंपरीत पाय रोवला. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू होईपर्यंत चाकण मोटारउद्योगाचे केंद्र बनू लागले होते. आणि या सगळ्यापासून तासाभराच्या अंतरावर, पाषाणला, १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिथे पॉलिमरवर आणि पॉलिमरच्या मेम्ब्रेनवर पिढ्यानपिढ्या काम झाले आहे. पॉलिॲक्रिलोनायट्राइलच्या अल्ट्राफिल्ट्रेशन मेम्ब्रेनने पिण्याच्या पाण्यातले जिवाणू आणि विषाणू अडवण्याचे काम त्यातलेच. इतक्या जवळ असूनही प्रयोगशाळेतला माणूस आणि ईटीपीवरचा ऑपरेटर यांचे बोलणे क्वचितच होते. एकाकडे पृष्ठभागाचे ज्ञान आहे, दुसऱ्याकडे खऱ्या पाण्याचे. दोघांच्या मध्ये पूल हवा, आणि तो मराठीतून बांधला तर दोन्हीकडची माणसे त्यावर येतील.

म्हणून हे पुस्तक डिप्लोमा आणि आयटीआय झालेल्या तरुणांसाठी आहे, मेंटेनन्स आणि ईटीपी सांभाळणाऱ्यांसाठी आहे, लहान उद्योजकांसाठी आहे आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठीही. पहिल्या भागात भिजणे, भार आणि चिकटणे यांचे मूळ शास्त्र आहे. दुसऱ्यात पृष्ठभाग बदलण्याच्या पद्धती आहेत. तिसरा भाग सर्वांत मोठा आहे. त्यात सीईडी, कूलंट, प्लेटिंगचे पाणी, आरओ आणि बॅटरी अशी कामे एकेक करून घेतली आहेत. शेवटच्या भागात धुणे, तपासणी आणि निकामी मेम्ब्रेन उघडून पाहण्याची रीत सांगितली आहे. परमिएट, फ्लक्स, क्रॉसफ्लो हे शब्द कामावर जसे बोलले जातात तसेच ठेवले आहेत.

वाचकाकडून माझी अपेक्षा कामाची आहे. दाब वाढला आणि परमिएट घटले, की नवी मेम्ब्रेन मागवण्याआधी जुनी उघडून पाहा. तिच्यावर काय बसले आहे, ते तेल आहे की सिलिका की जिवाणूंचा थर, पृष्ठभागाचा भार कोणता, शेवटचे धुणे कशाने आणि किती वेळ झाले, हे लिहून ठेवा. अशा नोंदी शंभर कारखान्यांत राहिल्या, तर इथल्या पाण्याला कोणता पृष्ठभाग लागतो हे संशोधकाला प्रथमच नेमके सांगता येईल. आज आपण दुसऱ्यांच्या पाण्यासाठी घडवलेल्या मेम्ब्रेन आपल्या पाण्यात चालवतो. आपल्या पाण्यासाठी मेम्ब्रेन घडवण्याइतके ज्ञान, उद्योग आणि मनुष्यबळ या पट्ट्यात आहे. ते एकत्र यावे, यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.